ओरखडा आधी वाचा, पॉलिशचं मग ठरवा

मामांच्या जुन्या ओमेगा सीमास्टरच्या पाठीवर एक समुद्री घोडा होता. पुढून घोडा, मागून मासा, असा उठावदार कोरलेला. मामा अंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवायचे, तेव्हा मी त्या घोड्यावरून बोट फिरवायचो. आयाळीच्या रेषा बोटाला लागायच्या. मामेबहिणीच्या लग्नाच्या आठवड्यात मामीनं ते घड्याळ "जरा चकाचक करून द्या" म्हणून एका दुकानात टाकलं. दुसऱ्या दिवशी ते आरशासारखं लखलखत घरी आलं. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. पूजा-परतवण आटोपल्यावर मामांनी ते उलटं करून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आयाळ गेली होती, पाय गेले होते. घोड्याच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा तेवढा उरला होता.

दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे चकाकी मागितली, त्यानं चकाकी दिली. आमचं चुकलं ते त्याआधीच. महागडं घड्याळ ओरखडलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पॉलिश कुठे करून मिळेल?" त्याच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: हे पॉलिशनं जाणारं आहे का, कुठल्या भागाला करायचं, कुठल्या भागाला हातही लावायचा नाही. 'कुठे' हा प्रश्न त्यानंतरचा. या लेखात मी त्याच क्रमानं जाणार आहे.

पॉलिश म्हणजे नेमकं काय

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा भांड्यावर कथलाचा पातळ थर चढतो. थर गेला की पुन्हा चढवता येतो. घड्याळाच्या पॉलिशमध्ये चढत काहीच नाही, फक्त उतरतं. ओरखडा ही धातूत पडलेली खाच आहे. ती खाच भरून निघत नसते. तिच्या आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणला, की ओरखडा 'गेला' असं दिसतं. म्हणजे केसभर रुंदीच्या एका रेघेसाठी सबंध बाजूचा धातू उतरवावा लागतो.

घरातली धार लावून लावून अरुंद झालेली जुनी सुरी आठवा. दर वेळी ती नव्यासारखी चालते आणि दर वेळी थोडी कमी होते. घड्याळाच्या केसचंही, म्हणजे डबीचंही, तसंच आहे. तिच्या वाट्याला आयुष्यात मोजकीच पॉलिशं असतात. कोपरे, कडा, कोरलेली अक्षरं, पट्टा अडकवण्याचे चार लग, हे सगळं प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं थोडं झिजतं.

याला एक अपवाद आहे. खोल पोचा पडला असेल तर काही मोजके कारागीर लेझर वेल्डिंगनं त्याच जातीच्या धातूची बारीक तार वितळवून खड्डा भरतात आणि मग मूळ आकार पुन्हा काढतात. इथे धातू खरोखर भरला जातो. पण हे काम खर्चिक आणि अत्यंत कौशल्याचं आहे. रोजच्या ओरखड्यांसाठी त्याची गरज नसते.

नखाची कसोटी

घड्याळ मऊ कापडानं पुसा, खिडकीच्या उजेडात धरा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख न अडकता सरकलं तर ती वरवरची रेघ आहे. आरशासारख्या चकचकीत धातूवर अशा रेघा भरपूर दिसतात, पण त्या हलक्या हातानं निघतात. नख अडकलं तर खाच खोल आहे. ती पूर्ण घालवायची म्हणजे बराच धातू काढावा लागणार. अशा वेळी चांगला कारागीर स्वतःच सांगतो, "पूर्ण घालवायला नको, नजरेत येणार नाही इतकी सौम्य करू." हा सल्ला देणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा.

ओरखडा कुठल्या भागावर आहे

साखळी आणि तिचं बकल सगळ्यात जास्त ओरखडतं, कारण टेबलावर हात टेकला की पहिला मार तिथेच बसतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याच्या घड्याळाचं बकल सहा महिन्यांत रेघांनी भरतं. तिथलं पॉलिश तुलनेनं निर्धोक असतं, आणि बिघडलंच तर साखळीचे दुवे किंवा बकल बदलता येतं. तरी माझं मत असं, की बकलावरच्या रेघांसाठी घड्याळ कधीही दुकानात नेऊ नये. आठवड्याभरात त्या पुन्हा पडणार आहेत.

केस हा खरा जपण्याचा भाग. तिची किंमत आकारात असते आणि आकार परत येत नाही. केसच्या पाठीवर मजकूर, नक्षी किंवा अर्पणाची अक्षरं असतील तर त्या बाजूला पॉलिश करूच नका.

काचेची गोष्ट निराळी. आजच्या महागड्या घड्याळांना बहुधा सफायरची काच असते. कठीणपणाच्या मोह्स मापावर सफायर ९ वर आहे, हिरा १० वर. दाराची कडी किंवा किल्ली तिच्यावर ओरखडा पाडू शकत नाही. हिऱ्याची बांगडी मात्र पाडू शकते. सफायरवर खरोखर ओरखडा पडला तर काच बदलणं हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो. पण आधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच काचांवर चमक मारू नये म्हणून बाहेरून एक पातळ लेप असतो, आणि कित्येकदा चरा त्या लेपावरच पडलेला असतो. भिंगातून हे ओळखता येतं. जुन्या घड्याळांवर आणि ओमेगाच्या मूनवॉचच्या काही प्रकारांवर प्लॅस्टिकची, म्हणजे ॲक्रिलिकची काच असते. ती लवकर ओरखडते, पण घरीही सहज उजळता येते. त्याबद्दल पुढे सांगतो.

धातू ओळखा

सगळ्या घड्याळांना एकच औषध चालत नाही.

पोलाद: बहुतेक कंपन्या ३१६ एल जातीचं स्टेनलेस पोलाद वापरतात, रोलेक्स ९०४ एल वापरते. दोन्हींना पॉलिश चांगलं बसतं. आणि ओरखडा का पडतो, याचं उत्तर बऱ्याचदा घरातच असतं. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा आणि रस्त्यावरची धूळ, दोन्हींत क्वार्ट्झ असतं. त्याचं मोह्स माप ७. ते पोलादाला सहज भारी पडतं.

सोनं: १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं, म्हणून ते पोलादापेक्षा मऊ. ओरखडे लवकर पडतात आणि पॉलिशही झटकन होतं. धोका नेमका त्यातच आहे, कारण बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, दोन सेकंद जास्त धरलं तरी कड गोल होते. जुन्या स्विस सोन्याच्या केसवर शुद्धतेचे बारीक ठसे असतात, पुष्कळदा लगांच्या मागे. ते पुसले गेले तर घड्याळाच्या अस्सलपणाची एक खूण जाते.

सोन्याचा मुलामा: याला पॉलिश म्हणजे सरळ नुकसान. चांगल्या जुन्या घड्याळांच्या पाठीवर २० मायक्रॉन असं छापलेलं असतं आणि ते जाड मुलाम्याचं लक्षण मानतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून मुलामा किती पातळ, ते कळेल. बफ लागला की कोपऱ्यांवर खालचा धातू उघडा पडतो. अशा घड्याळाला फक्त स्वच्छता. फार झिजलं असेल तर नवा मुलामा.

टायटॅनियम: वजनाला हलका, पण पॉलिशला अवघड. त्याची बारीक पूड पेट घेऊ शकते, शिवाय पोलादाच्या चाकावर तो घासला तर पोत बिघडतो. काही घड्याळांत, उदाहरणार्थ सिटिझनच्या टायटॅनियमच्या मॉडेलांत, वरचा थर मुद्दाम कठीण केलेला असतो. पॉलिश केलं की तो थर जातो आणि आतला मऊ धातू वर येतो. टायटॅनियमचं काम नियमित करणाऱ्याकडेच द्यावं.

सिरॅमिक आणि टंगस्टन कार्बाइड: राडोनं १९६२ साली डायस्टार आणलं, तेच याचं घराघरांतलं उदाहरण. आखातातून परतलेल्या रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येकांच्या मनगटावर ते दिसायचं. हे पदार्थ सहसा ओरखडत नाहीत, पण दगडी फरशीवर आपटले तर टवका उडतो. गल्लीतल्या बफानं त्यांचं काहीच होत नाही. टवका उडाला तर तो भाग बदलावा लागतो.

काळा लेप: पीव्हीडी किंवा डीएलसी लेप असलेल्या काळ्या घड्याळाला पॉलिश करायचं नसतं. घासलं की काळा रंग जातो आणि खालचं पोलाद चमकू लागतं.

पोत: घड्याळ जिथे बिघडतं ती जागा

महाग घड्याळ हातात घेऊन कलतं करा. काही भाग आरशासारखे दिसतील, काही भागांवर एकाच दिशेनं ओढलेल्या बारीक रेघांचा मंद पोत दिसेल. दोन्ही जिथे भेटतात तिथे सुरीसारखी सरळ रेषा असते, आणि कडेवर हिऱ्याला असतो तसा तिरपा, चमकदार पैलू असतो. घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा या रेषेत असतो.

जेराल्ड जेंटा यांनी ओदमार पिगेसाठी आरेखन केलेलं रॉयल ओक १९७२ साली आलं. पोलादाचं घड्याळ सोन्याच्या भावात विकायचं धाडस कंपनीनं केलं ते या पोताच्या जोरावर. अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू, रेघांचा मंद पृष्ठभाग आणि त्याला बिलगून अरुंद चमकदार पैलू. हेच घड्याळ साध्या कापडी बफावर धरलं तर पाच मिनिटांत सगळे पृष्ठभाग सारखेच चकचकीत होतात, पैलू विरघळतात आणि अष्टकोनाचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. ग्रँड सेकोच्या झारात्सु पॉलिशचंही असंच आहे. कुशल कारागीर फिरत्या सपाट चकतीवर केस टेकवून लाट नसलेला आरसा घडवतो. त्या सपाटीला मऊ चाक लावलं की प्रतिबिंब वाकडं दिसायला लागतं.

म्हणून कारागीर पाहायला गेलात की त्याच्या दुकानातल्या चमकेनं दिपून जाऊ नका. चमक कोणीही आणतो. मंद पोत जसाच्या तसा ठेवून शेजारची रेषा सरळ राखता येते का, हे पाहा.

घड्याळ जुनं असेल तर

तीस-चाळीस वर्षांहून जुनं, वडिलांचं किंवा आजोबांचं, किंवा संग्राहकांच्या मागणीतलं घड्याळ असेल तर माझा सल्ला एका वाक्यात सांगतो: पॉलिश करू नका. जुन्या घड्याळांच्या बाजारात पॉलिश न झालेल्या केसला मान असतो. लग जाड, कडा धारदार आणि अंगावर ओरखडे, असं घड्याळ लगांची शिंगं बारीक झालेल्या चकचकीत घड्याळापेक्षा जास्त भावानं जातं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना. पत्नी जोन वुडवर्ड यांनी त्याच्या पाठीवर 'गाडी जपून चालव, मी' अशा अर्थाची तीन इंग्रजी शब्दांची ओळ कोरून घेतली होती. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या लिलावात ते एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलर्सच्या पुढे गेलं. त्या पाठीवर बफ फिरला असता तर काय हरवलं असतं, ते सांगायला नको. आपल्याकडच्या घड्याळांच्या पाठीवरही अशी अक्षरं असतात. 'पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल', 'चि. सौ. कां.ला सप्रेम', निवृत्तीची तारीख, गिरणीचं नाव. बाजारात त्यांना भाव नसेल, घरात आहे.

जुन्या रोलेक्सच्या बाबतीत आणखी एक काळजी. पूर्वी त्यांचा अनुक्रमांक ६ च्या बाजूला, दोन लगांच्या मधल्या जागेत कोरलेला असायचा. पट्टा काढल्याशिवाय तो दिसत नाही. तिथे घासलं की आकडे पुसट होतात आणि पुढे खरेदीदार शंका काढतो.

आणि जुनं घड्याळ विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' हा शब्द वापरतात. तबकडी नव्यानं रंगवून, केस भरपूर घासून, निरनिराळे सुटे भाग जोडून नव्यासारखं केलेलं जुनं घड्याळ, असा त्याचा अर्थ. आपल्या शहराचं नाव असं जोडलं जावं याचं मला वाईट वाटतं. पण साठ वर्षांचं घड्याळ कालच डब्यातून काढल्यासारखं दिसत असेल, तर खुशीत येण्याआधी कडा पाहा.

मग द्यायचं कुठे

आपल्यापुढे चार दारं असतात.

पहिलं, कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर. घड्याळ नवं, महाग, हमीच्या मुदतीत असेल किंवा त्याच्या केसचा आकार गुंतागुंतीचा असेल, तर हेच दार. त्यांच्याकडे त्या मॉडेलची मूळ मापं, योग्य साधनं, रबरी सील आणि सुटे भाग असतात. संपूर्ण सर्व्हिसमध्ये केस आणि साखळीचं पॉलिश बहुधा धरलेलंच असतं; रोलेक्स अशा सर्व्हिसनंतर दोन वर्षांची हमीही देते. तोटे दोन. खर्च आणि वेळ जास्त लागतो. आणि घड्याळ जुनं असेल तर 'नव्यासारखं करणं' हेच त्यांचं धोरण असू शकतं. तुम्ही सांगितलं नाही तर जुनी तबकडी आणि काटेसुद्धा बदलले जाऊ शकतात. पॉलिश नको असेल तर तसं स्पष्ट सांगता येतं. ते ऐकतात, पण सांगावं लागतं.

दुसरं, अधिकृत विक्रेता. कोल्हापूर, नाशिक, सोलापूर किंवा पणजीला राहणाऱ्यांना हाच सोयीचा मार्ग, कारण कंपन्यांची केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. विक्रेता घड्याळ घेऊन पुढे पाठवतो. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: "प्रत्यक्ष काम कोण करणार? कंपनीच्या केंद्रात जाणार, तुमच्याच कारागिराकडे राहणार की बाहेर देणार?" उत्तर गुळमुळीत आलं तर घड्याळ परत खिशात. आणि पाठवताना वाटेतला विमा कोणाकडे, तेही विचारून घ्या.

तिसरं, स्वतंत्र घड्याळजी. चांगला मिळाला तर जुन्या घड्याळासाठी याहून उत्तम जागा नाही. तो प्रत्येक घड्याळाकडे वेगळं पाहतो, कमी करायला तयार असतो, तुमच्याशी बोलतो. पण चांगला यंत्र-दुरुस्तीवाला हा चांगला पॉलिशवाला असेलच असं नाही. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. प्रामाणिक घड्याळजी हे स्वतः सांगतो आणि पॉलिशचं काम नाकारतो. त्याच्या नकाराचा राग धरू नका.

चौथं, बाजारातला बफवाला. दागिने, नळ, ट्रॉफी, सगळं एकाच चाकावर उजळणारा. त्याच्या कामाला तिथे जागा आहे. पण त्याच्या चाकाला घड्याळाचे पैलू कळत नाहीत. आणि पुष्कळदा तिथे यंत्र आत असतानाच केस चाकावर धरली जाते. मग उष्णता आत जाते, हादरे बसतात आणि पॉलिशच्या वडीची लाल-हिरवी माती चावीच्या फटीतून शिरते. महागडं घड्याळ या दारात नेऊ नका.

दुसरं किंवा तिसरं दार निवडलं तर पुढचे प्रश्न विचारा. यात संकोच नको. चांगल्या माणसाला असे प्रश्न आवडतात.

१. पॉलिशच्या आधी यंत्र, तबकडी आणि काच बाहेर काढणार का?
२. मंद पोत आणि आरशासारखा भाग वेगवेगळे करणार का? कुठल्या साधनानं?
३. याच मॉडेलचं आधी केलेलं काम दाखवाल का? फोटोपेक्षा प्रत्यक्ष घड्याळ उत्तम, आणि ते भिंगातून पाहा.
४. काम झाल्यावर सील बदलून पाण्याची चाचणी करणार का?
५. किती धातू काढावा लागेल? कुठला ओरखडा राहील?

पाचव्या प्रश्नाला "काळजी करू नका, सगळं जाईल" असं उत्तर आलं, तर काळजी करा. "ही रेघ राहील, ती काढली तर कोपरा जाईल" असं सांगणारा माणूस तुमच्या घड्याळाकडे नीट पाहतो आहे.

केव्हा करावं

घड्याळ उघडल्याशिवाय पॉलिश नीट होत नाही, आणि उघडलं की सील बदलून पाण्याची चाचणी करावी लागते. म्हणून नुसत्या पॉलिशसाठी घड्याळ उघडू नये. यांत्रिक घड्याळाची काही वर्षांनी संपूर्ण सर्व्हिस करावीच लागते. रोलेक्स साधारण दहा वर्षांचा काळ सुचवते. पॉलिश करायचंच असेल तर त्याच वेळी करा, आणि तेही दर सर्व्हिसला नको. नव्या घड्याळाला पहिला ओरखडा पडला की जिवाला लागतं, हे मला ठाऊक आहे. सहा महिने थांबा. तोवर आणखी वीस रेघा पडलेल्या असतील आणि पहिली कुठली, तेही आठवणार नाही.

लग्न, मुंज, पन्नाशी यांच्या आदल्या आठवड्यात घड्याळ पॉलिशला देऊ नका. घाईचं काम बफावरच होतं. समारंभासाठी नीट स्वच्छता आणि नवा चामडी पट्टा पुरतो. घड्याळ किती बदललेलं दिसतं ते करून पाहा.

घड्याळ हातातून देताना

घड्याळाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा: समोरून, पाठ, दोन्ही कडा, चारही लग, बकल. लगांचे फोटो जवळून आणि कडेच्या उजेडात. अनुक्रमांक लिहून ठेवा. सोन्याचं घड्याळ असेल तर ओळखीच्या सराफाकडे काट्यावर वजन करून घ्या आणि परत आल्यावर पुन्हा करा. काही दुवे काढले असतील तर ते मागून घ्या.

मग जॉब कार्ड. तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोचत नाही. घड्याळ घेणारा काउंटरवर असतो, घासणारा आत किंवा दुसऱ्या शहरात. म्हणून कार्डावर स्वच्छ लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. नमुन्यादाखल:

'केसला पॉलिश करू नये. पाठीवरील मजकुराला हात लावू नये. फक्त साखळी, मूळ पोत राखून. तबकडी व काटे बदलू नयेत. बदललेले सर्व भाग परत द्यावेत. सील बदलून पाण्याची चाचणी करावी.'

मामांच्या घड्याळाबरोबर यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य गेलं असतं, तर तो घोडा आज जागेवर असता.

बिल घेतल्याशिवाय काम देऊ नका. लेखी सूचना असूनही काम बिघडवलं तर ती सेवेतली त्रुटी ठरते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण झिजलेला लग कुठलाही ग्राहक आयोग परत आणून देऊ शकत नाही, म्हणून खरी काळजी आधीची.

परत घेताना

काउंटरवरच्या झगझगीत दिव्यांखाली घड्याळ ताब्यात घेऊ नका. दारापाशी, दिवसाच्या उजेडात घ्या. मंद पोताच्या रेघा सरळ आणि एकाच दिशेला आहेत का, पैलूची रुंदी दोन्ही बाजूंना सारखी आहे का, चारही लग एकमेकांसारखे आहेत का, हे पाहा. चमकदार बाजूत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा: रेषा सरळ दिसली तर पृष्ठभाग सपाट आहे, नागमोडी दिसली तर बफानं लाटा पाडल्या आहेत. पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवा. चावी फिरवताना खरखर जाणवली तर आत माती गेली असेल. फोनवरचे जुने फोटो समोर धरून ताडून पाहा, मगच सही करा.

घरी काय करावं, काय करू नये

ॲक्रिलिक काच घरी उजळता येते. पॉलिवॉचसारखं काचेसाठीचं मलम कापसावर घेऊन दोन-तीन मिनिटं गोल फिरवत घासा, पुसा आणि पुन्हा करा. धातूला मलम लागू नये म्हणून कडेनं कागदी चिकटपट्टी लावा. एचएमटी जनतापासून जुन्या सीमास्टरपर्यंत कुठल्याही ॲक्रिलिक काचेला हे चालतं. सफायरवर मात्र टूथपेस्ट घासून काही होत नाही, ती फक्त कडेच्या फटीत जाऊन बसते.

धातूला घरी फक्त स्वच्छता. पाण्यापासून संरक्षण शाबूत असलेलं घड्याळ असेल तर चावी घट्ट बंद करून कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश वापरा. जुनं घड्याळ असेल तर फक्त ओलसर कापड. साखळीच्या दुव्यांत साचलेला घाम आणि धूळ निघाली की निम्मे 'ओरखडे' नाहीसे होतात, कारण ते मळाचे डाग असतात. भांडी घासायची हिरवी जाळी घेऊन मंद पोत 'ताजा' करण्याचे प्रयोग व्हिडिओंत सोपे दिसतात. एकदा हात तिरका गेला की रेघांची दिशा बिघडते आणि एक चरा घालवायला गेलेला माणूस शंभर पाडून बसतो.

ओरखडे टाळणं तर आपल्याच हातात आहे. बांगड्या, कडं किंवा पाटल्या असलेल्या मनगटावर घड्याळ नको. रात्री ते मऊ कापडावर ठेवा, दागिन्यांच्या डब्यात इतर जिनसांबरोबर टाकू नका. ओट्याशी काम करताना, गाडीचं चाक बदलताना, गणपतीची मूर्ती उचलताना ते काढून ठेवा.

शेवटचं

मामांनी ते घड्याळ नंतर माझ्याकडे दिलं. यंत्र अजून चोख चालतं. सर्व्हिसला देताना दर वेळी मी कार्डावर पहिली ओळ माझ्या हातानं लिहितो: 'पॉलिश करू नये.' त्यानंतर त्याच्यावर जे ओरखडे पडले ते माझे आहेत आणि ते तसेच राहणार आहेत. तुमच्या घड्याळाचा निर्णय तुमचा. नवं, पोलादी, चारचौघांसारखं घड्याळ असेल आणि चांगला कारागीर असेल तर सर्व्हिसच्या वेळी खुशाल पॉलिश करा. जुनं असेल, कोणाची आठवण असेल, किंवा मनात जराशी शंका असेल तर थांबा. न केलेलं पॉलिश पुढच्या वर्षीही करता येतं. केलेलं कधीच परत घेता येत नाही.